इकडील सर्व क्षेम

बोलताना माणसानं थोडा मीठमसाला लावावा, या मताचा मी. साधी गोष्ट मला साधी सांगता येत नाही. बाजारातून मेथीची जुडी आणली तरी तुमची त्यावर कथा होते, असं आमच्या घरात म्हणतात. अशा माणसाला नोकरीच्या पहिल्याच वर्षी भुजंगराव मास्तरांच्या शेजारची खुर्ची मिळावी, याला काय म्हणायचं? मी काही सांगायला तोंड उघडलं की ते चष्म्याच्या वरून बघायचे आणि तब्येत विचारावी इतक्या मायेनं विचारायचे, "कशावरून?"

मला त्यांचा फार राग यायचा. आज ते विचारणारं कुणी नाही, तर बोलण्यातली चव गेल्यासारखी झाली आहे.

निजामाच्या राज्यातल्या जालन्याच्या सरकारी शाळेत आम्ही दोघे मास्तर होतो. मदरसाच म्हणत शाळेला. सगळे विषय उर्दूत चालायचे. मराठीचा एक तास तेवढा मराठीत आणि तो भुजंगरावांकडे. मी हिसाब, म्हणजे गणित शिकवायचो. माझं वय चोवीस, त्यांचं पंचेचाळीसच्या पुढं. मुलांसमोर ते मला 'माधवराव, तुम्ही' म्हणत आणि शाळेचं फाटक ओलांडलं की 'माधवा, तू'. नाव भुजंगराव, पण फणा कधी काढलेला मी पाहिला नाही. उंच, वाळकी अंगकाठी, काळी टोपी, कोपरावर ठिगळ असलेला बंद गळ्याचा कोट. बोटं खराब होऊ नयेत म्हणून खडूला कागद गुंडाळून धरायचे.

मास्तर होण्याआधी ते कोर्टात नकलनवीस होते. म्हणजे दावे, साक्षी, जबान्या यांच्या नकला करून द्यायचं काम. सहा वर्षं त्यांनी लोकांचं खरंखोटं आपल्या मोत्यासारख्या अक्षरात उतरवलं. "अक्षर माझं एकच, माधवा," ते एकदा म्हणाले, "खऱ्या साक्षीलाही तेच आन् खोट्या साक्षीलाही तेच. कागदावर दोन्ही सारख्याच देखण्या दिसायच्या. मंग मला झोप येईना." त्यांनी ती नोकरी सोडली आणि निम्म्या पगारावर मास्तरकी धरली.

त्यांचा मराठीचा तास गावात कुठंच नसेल असा होता. किराणा दुकानातून गूळ, हळद, मिरची ज्या रद्दी वर्तमानपत्रांत बांधून येई, ते कागद ते घरी सारखे करून, घडी घालून शाळेत आणत. वर्गात एकेका जोडीला एकेक तुकडा मिळे. गुळाच्या कागदामागं मुंग्या येत, आणि मिरचीच्या कागदानं अर्धा वर्ग शिंकत असे. मुलांनी पाटीवर तीन रकाने आखायचे: पाहिलेलं, ऐकलेलं, मानलेलं. मग कागदावरचं एकेक वाक्य उचलायचं आणि कोणत्या रकान्यात बसतं ते ठरवायचं. लिहिणाऱ्यानं स्वतः पाहिलं? कुणाकडून ऐकलं? की नुसतंच मानलं आणि ठोकून दिलं?

एकदा एका चूर्णाची जाहिरात आली. 'हजारो रोग्यांना गुण आला.' भुजंगराव म्हणाले, "या हजारोंपैकी एकाचं नाव हुडका." मुलांनी कागद उलटापालटा केला. नाव नव्हतं. मागच्या बाकावरचा यशवंता, एका शेतकऱ्याचा मुलगा, उठून म्हणाला, "गुरुजी, नाव हाय. चूर्णवाल्याचं." वर्ग हसला. भुजंगराव मात्र हसले नाहीत. त्यांनी फळ्यावर लिहिलं: 'दावा कोणाचा, फायदा कोणाचा?' आणि यशवंताला म्हणाले, "बराबर. बस."

तपासणीला साहेब आले तेव्हाची गोष्ट आम्ही वर्षभर सांगत होतो. मी जरा जास्तच. साहेबांनी एका पोराला वाचनाच्या पुस्तकातला हत्तीचा धडा वाचायला लावला. त्यात हत्ती शंभर वर्षं जगतो असं वाक्य होतं. पोरानं तिथं थांबून साहेबांनाच विचारलं, "कशावरून?" साहेब म्हणाले, "किताब में लिखा है." पोरगं म्हणालं, "पर लिहिणारा शंभर वर्षं हत्तीपाशी बसला होता का?" हेडमास्तरांच्या कपाळावर घाम आला. साहेब गेले आणि शेऱ्याच्या वहीत एकच ओळ सापडली: लडके सवाल बहोत करते हैं. हेडमास्तर म्हणाले ही तक्रार आहे. भुजंगरावांनी वही उजेडाकडं धरून ती ओळ दोनदा वाचली. "तक्रार हाय की तारीफ, याला पुरावा काहीच न्हाई," ते म्हणाले. "आपण तारीफ मानून चालू." मानलेल्या रकान्यात त्यांनी स्वतःहून टाकलेली ही एवढीच गोष्ट मला आठवते.

माझीही त्यांनी एकदा चांगली जिरवली. कुंडलिकेच्या काठी बिबट्या आला आहे, दोन जणांनी शेपूट पाहिली, असं मी मास्तरांच्या खोलीत रंगवून सांगत होतो. संध्याकाळी भुजंगराव माझ्या दारात काठी घेऊन हजर. म्हणाले, चल, बघून येऊ. नदीवर गेलो. झुडपापाशी परटाचं गाढव चरत होतं, आणि शेपूट होती ती त्याचीच. दुसऱ्या दिवशी शाळेत त्यांनी गाढवाचं नावसुद्धा काढलं नाही. पण मी मात्र त्या दिवसापासून त्यांच्यासमोर ऐकीव गोष्ट सांगायला कचरू लागलो. पराचा कावळा करणारा म्हणून माझा शिक्का बसला होता, आणि तो मला झोंबत होता. हे सांगतोय त्याला कारण आहे.

त्यांना एकच मूल होतं, गोदावरी. गोदी म्हणायचे सगळे. राजूरच्या पलीकडं एका गावात शेतीवाडी असलेल्या घरी तिला दिली होती. हसरी, बडबडी, बापाच्या अगदी उलट. बापाला अप्पा आणि मला माधवदादा म्हणायची आणि माझ्या साऱ्या गोष्टी खऱ्या मानून ऐकायची, म्हणून मला ती फार आवडायची. लग्नाला दोन वर्षं झाली होती. त्या साली आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, ती माहेरी आली. उन्हाळा असा होता की विहिरी तळाला गेल्या होत्या.

वैशाख संपता संपता व्याह्यांचं पत्र एका माणसाच्या हाती आलं. धाकट्या दिराचं लग्न ठरलं होतं. घरात काम पडलंय, सूनबाईस पाठवावे. वर नेहमीसारखं लिहिलेलं: इकडील सर्व क्षेम, तिकडील कुशल कळवावे. काकूंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीनं, फराळाचं करायला घेतलं.

त्याच दिवशी दुपारी रहमतबी आली. ही बांगड्यावाली, गावातल्याच कादराबादेत राहायची आणि डोक्यावर टोपली घेऊन खेडोपाडी फिरायची. साऱ्या लेकीसुनांचे हात तिला पाठ. मी तेव्हा मास्तरांच्या ओसरीवर बसलो होतो. तिनं टोपली उतरवली, पाणी मागितलं आणि गोदीचं जायचं निघाल्यावर हातातला तांब्या खाली ठेवला.

"बच्ची कू नको भेजू, मास्टर," ती म्हणाली. "उधर हैजा है, पटकी. लोकं पटापट मरून राह्यले म्हनतात."

भुजंगरावांनी विचारलं, "तू पाहिलंस का, रहमतबी?"

"देखी नै. सुनी."

"कोनाकडून?"

"रस्त्यात गाडीवाला मिल्या, वो बोला."

"त्यानं पाहिलं?"

रहमतबीनं टोपलीतल्या बांगड्यांवरचं फडकं सारखं केलं. काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "चार दिवस राहू द्या की लेकराला. लगीन काय तिच्यावाचून अडतंय?" भुजंगरावांनी पत्र पुढं केलं. तिथं राहणारा माणूस लिहितोय सर्व क्षेम, आणि रस्त्यात भेटलेल्या कुणाचं ऐकून एक बाई सांगतेय मरून राह्यले. एक पाहिलेलं, दुसरं ऐकलेलं. त्यांनी ते अगदी वर्गात समजावून सांगावं तसं शांतपणे सांगितलं.

मला रहमतबीचं खरं वाटत होतं. अर्थात मला सगळ्याचंच खरं वाटतं. मी बोलणार होतो, मास्तर, थांबा चार दिवस. पण मला ते गाढव आठवलं, आणि मी तोंड मिटून घेतलं. तेवढ्या एका वेळेला मी तोंड उघडायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मी परतूरला बहिणीकडं गेलो. गोदी तिसऱ्या दिवशी बैलगाडीनं निघाली.

परतलो तेव्हा शाळेत भुजंगराव नव्हते. गोदी सासरी पोचली त्याच्या दुसऱ्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या आणि दिवस मावळायच्या आत ती गेली. निरोप आला, मास्तर धावले, तोवर सगळं आटोपलं होतं. त्या घरातली आणखी दोन माणसं गेली. लग्न झालंच नाही. व्याही मास्तरांच्या पायाशी बसून म्हणाले, "मास्तर, पत्र लिहिलं तवा खरंच काही नव्हतं हो. गडी भोकरदनला काम करून मंग तुमच्याकडं आल्ता, आठ दिवसांनी." त्यांची चूक नव्हती. पत्राच्या वर 'इकडील सर्व क्षेम' तर जो तो लिहितो. घरात मढं असलं तरी लिहितो.

तेरा दिवसांनी भुजंगराव शाळेत आले. कोट तोच, टोपी तीच. कविता शिकवल्या, व्याकरण शिकवलं, निबंध तपासले. पण रद्दीचे कागद आणले नाहीत. मुलं वाट बघायची. आठ दिवसांनी यशवंतानं घरून गुळाचा कागद आणून टेबलावर ठेवला. मास्तरांनी तो नीट घडी करून त्याला परत दिला. आमच्या खोलीतही कशावरून हा शब्द थांबला. मी मुद्दाम दोन-चार थापा मारून पाहिल्या. ते म्हणाले, "असंल." मग मीच थाप अर्ध्यावर सोडून द्यायचो.

मधे एकदा ते रहमतबीच्या घरी गेले. मला सोबत नेलं. ती त्यांना पाहूनच रडायला लागली. मास्तर म्हणाले, "मी तुझं ऐकलं न्हाई, बाई." रहमतबीनं पदरानं डोळे पुसले. "तुम पूछे, देखी क्या. मैं नै देखी थी, मास्टर. झूट कैसा बोलती?" मग म्हणाली, "मैं तो गाव के अंदरच नै गई. वेशीवर कडुलिंबाच्या फांद्या लटकाये थे. हे पाहून वापस फिरी. टोपली जशी नेली, तशीच भरलेली लाई."

भुजंगराव तिथंच भिंतीला टेकून खाली बसले. लग्न असलेल्या गावातून बांगड्यावाली भरल्या टोपलीनं परत येते. लग्नघरी लेकीसुनांच्या हातापासून म्हातारीच्या हातापर्यंत बांगड्या भरल्या जातात. तिथून तिची टोपली रिकामी यायला हवी होती. ती भरलेली टोपली त्या दुपारी त्यांच्या ओसरीवर, त्यांच्या पायापासून हातभर अंतरावर होती. काय पाहिलंस असं विचारलं असतं, तर साथ आली की वेशीवर बांधतात त्या कडुलिंबाचं तिनं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं ते एवढंच, की मेलेली माणसं पाहिलीस का.

परतताना ते एवढंच म्हणाले, "हातच्या काकणाला आरसा कशाला, हे पोरांना दर वर्षी शिकवतो मी." त्यांचा आवाज अगदी कोरडा होता. मला त्यांच्याकडं बघवेना.

दोन दिवसांनी ते वर्गात व्याह्यांचं पत्र घेऊन गेले. माझा तास शेजारच्या खोलीत होता; मुलांना गणितं घालून मी दाराशी येऊन उभा राहिलो. नावं गाळून त्यांनी सगळं पत्र फळ्यावर उतरवलं, त्याच मोत्यासारख्या अक्षरात. त्याच्या शेजारी एका बाईची साक्ष लिहिली, कोण ते न सांगता: गावात साथ आहे असे ऐकले, स्वतः पाहिले नाही. पत्र कधी लिहिलं, कधी पोचलं हेही लिहिलं. मुलांना म्हणाले, रकाने आखा आणि सांगा, लेकीला धाडायचं का?

पहिला पोरगा म्हणाला, "धाडायचं. पत्रवाला तिथंच राहतो." भुजंगरावांनी मान हलवली. दुसरा म्हणाला, "गुरुजी, सर्व क्षेम हे काही पाहिलेलं न्हाई. आमचे आजोबा पण तेच लिहितात. ते नुसतं लिहायचं असतं म्हणून लिहितात." भुजंगरावांनी ते वाक्य फळ्यावर एका रकान्यातून पुसून दुसऱ्या रकान्यात लिहिलं.  खडू दोनदा मोडला.

मग यशवंता उठला. "गुरुजी, ती बाई कोन होती?"

"बांगड्यावाली."

"कुठून आल्ती?"

"त्याच गावाकडून."

"मंग तिच्या टोपलीत बांगड्या होत्या का संपल्या होत्या?"

 यशवंताला काही माहीत नव्हतं. त्याला फक्त विचारायला शिकवलेलं होतं. भुजंगरावांनी खडू टेबलावर ठेवला. "भरलेली होती," ते म्हणाले.

"मंग ती गावात गेलीच न्हाई. भेऊन परतली. तिला विचारायला पाहिजे होतं, का परतलीस म्हणून." आणि मग, कुणाच्या लेकीची ही गोष्ट आहे ते बहुधा त्याला कळलं असावं, कारण तो एकदम खाली बघायला लागला.

"बराबर," भुजंगराव म्हणाले. "बस." पण यशवंताच्या आधी तेच खुर्चीवर बसले. थोड्या वेळानं उठून त्यांनी फळ्यावर रकान्यांच्या खाली एक आडवी ओळ ओढली आणि तिच्याखाली लिहिलं: 'आपण चुकलो तर कोणाचे काय जाईल?' मुलांनी ते उतरवून घेतलं. त्यानंतर प्रत्येक वर्षी, प्रत्येक वर्गात, तीन रकान्यांखाली ही ओळ राहिली. रद्दीचे कागद पुन्हा येऊ लागले. लोक म्हणाले, मास्तर सावरले. मला तसं वाटलं नाही. माणूस कामाला लागला म्हणजे सावरला, असं आपण आपल्या सोयीसाठी म्हणतो.

आणि मी त्या दिवशी ओसरीवर गप्प बसलो होतो, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही. काय म्हणून सांगणार?

पुढं ते निवृत्त झाले. संस्थान विलीन झालं त्या हिवाळ्यात त्यांची छाती भरली. सगळं गाव त्या वर्षी अफवांवर जगत होतं; कुणी काही, कुणी काही सांगे. मी दर रविवारी दुपारी जाऊन बसे आणि बाहेरचं थोडंफार त्यांना सांगे, आता मीठमसाला न लावता. शेवटच्या रविवारी काकू चुलीपाशी काढा उकळत होत्या. मास्तर उशाला टेकून पडले होते. अंगात ताकद राहिली नव्हती, पण डोळे स्वच्छ होते.

"माधवा," ते म्हणाले, "एक मनात येतं. गोदीला शेवटी काय वाटलं असंल? बापानं धाडलं म्हणून आलो, असं?"

आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो आहे. सारं गमतीचं. त्या दिवशी मी पहिल्यांदा मन लावून खोटं बोललो.

"तुम्हाला कधी सांगितलं न्हाई, मास्तर," मी म्हणालो. "गाडी निघताना गोदीनं मला बाजूला बोलावलं होतं. म्हणाली, माधवदादा, अप्पांनी पाठवलं म्हणून न्हाई चालले मी. मलाच जायचंय, दिराचं लगीन कसं चुकवू? काही झालं तर अप्पांनी मनाला लावून घेऊ नये, एवढं सांग त्यांना."

त्यांनी डोळे मिटून सगळं ऐकलं. काकूंचा हात चुलीपाशी थांबला होता.

"गाडी निघाली तवा तू परतूरला गेल्तास," ते हळूच म्हणाले. "बहिणीकडं. आन् 'काही झालं तर' असं लग्नाला निघालेली पोरगी म्हणत नसते, माधवा."

मी मान खाली घातली. मला वाटलं, आता हा माणूस माझ्याशी बोलणार नाही.  मग पांघरुणातून त्यांचा हात बाहेर आला आणि माझ्या मनगटावर टेकला.

"पुन्हा एकदा सांग," ते म्हणाले.

मी पुन्हा सांगितलं. या खेपेला 'काही झालं तर' एवढं गाळलं.